हसायला काय जातं

आमच्या वसाहतीच्या बागेत सकाळी हास्यमंडळ भरतं. गेल्या महिन्यात शेजारच्या बाईंनी मला जवळजवळ ओढूनच तिथे नेलं. गोल करून उभं राहायचं, हात आभाळाकडे करायचे आणि शिट्टी वाजली की हसायचं. मंडळाचे प्रमुख कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आहेत. ते एकेकासमोर थांबत माझ्यापर्यंत आले, माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काकू, असं अर्धवट नको. मनापासून हसा. हसायला काय जातं?" हा माणूस माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठाच असेल, आणि मी त्याची काकू. मी घरी आले, चहा टाकला, आणि चहा उकळून पार काळा झाला तरी माझा राग उतरला नाही, म्हणून आज हे लिहायला बसले.

मोबाइलवर रोज सकाळी फुलांच्या चित्रांखाली निरोप येतात. हसा, हसणाऱ्याचं जग असतं, एक हसू सगळी दारं उघडतं. यातलं काहीच खोटं नाही, हाच माझा संताप आहे. हसू खरोखरच दारं उघडतं. पण ज्याला हसता येत नाही त्याच्या तोंडावर तीच दारं कशी धाडकन बंद होतात, हे त्या फुलांखाली कोणी लिहीत नाही. लिहिणाऱ्यांपैकी कोणी एके दिवशी सकाळी उठलंय आणि पाहिलंय की काल रात्री तोंडावर असलेलं हसू आज जागेवर नाही, असं झालेलं नसावं. माझं झालेलं आहे. तेव्हा मी शाळेत होते.

पंचवटीत भाजीबाजाराकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी आमचं चिवड्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे भट्टीची खोली, आणि बाजूच्या जिन्याने वर गेलं की आमच्या दोन खोल्या. माझे आजोबा, म्हणजे अण्णांचे वडील, निफाडकडची जमीन भावांच्या हवाली करून शहरात आले होते आणि चिवडा त्यांनीच सुरू केला. पहाटे भट्टी पेटायची. आधी वाळवलेला कांदा तेलात पडायचा, आणि तो लालसर होताना जो वास सुटायचा तो जिन्याने वर येऊन आमच्या पांघरुणांत, दप्तरांत, केसांत शिरायचा. शाळेत मुली मला चिवडा म्हणायच्या आणि मला त्याचा राग नव्हता. मग खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, लसूण, शेवटी भाजके पोहे आणि मुरमुरे. अण्णा मोठ्या परातीत दोन्ही हातांनी मसाला कालवायचे. झारा कढईच्या काठावर आपटून तेल निथळवायची त्यांची एक लय होती, ठण ठण ठण, मध्ये थांबा, परत ठण. त्या आवाजावर आई वर कणीक मळायची आणि शैलाताई अभ्यास करायची.

शैलाताई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, कॉलेजात शेवटच्या वर्षाला. अबोल, पुस्तकात डोकं घालून बसणारी. नातेवाईक आले की तिला हमखास म्हणायचे, "जरा हसत जा गं, सुतकात बसल्यासारखी काय." आणि मग माझ्याकडे वळायचे, "ही बघ, धाकटी कशी." कारण मी हसायचे. त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. कोणी समोर आलं की ओठ आपोआप फाकायचे, गालाला खळी पडायची. शाळा सुटली की मी दुकानात गल्ल्यावर बसायचे, आणि अण्णा येईल-जाईल त्याला सांगायचे, "आमची नलू बसली की गिऱ्हाईक रिकामं जात नाही." खरंच जायचं नाही. पावशेर घ्यायला आलेला माणूस अर्धा किलो बांधून न्यायचा. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या राधाबाई मला पाहिलं की कोथिंबिरीची जुडी पिशवीत अशीच टाकायच्या. गणिताच्या बाई माझ्या चुकीच्या उत्तरालाही "असू दे, बस" म्हणायच्या. मला वाटायचं, जगच मुळात असं आहे, मऊ आणि प्रेमळ. मला काय ठाऊक, की हे सगळं माझ्या गालांच्या चार स्नायूंमुळे चाललं होतं.

ते थंडीचे दिवस होते. सकाळी चूळ भरायला मोरीत गेले तर पाणी तोंडात राहीना, डाव्या कोपऱ्यातून ओघळून फ्रॉकवर सांडलं. परत भरलं, परत सांडलं. मला गंमत वाटली. मी आईला हाक मारली, "आई, हे बघ काय होतंय," आणि हसले. आईच्या हातातून पेला पडला. तिचा चेहरा पाहून मी आरशाकडे धावले. आरशातल्या मुलीचा उजवा गाल हसत होता आणि डावा गाल मेलेला होता. डावा डोळा मिटत नव्हता. ओठ उजवीकडे खेचला गेला होता, आणि जितकं रडू येत होतं तितका तो आणखी उजवीकडे जात होता.

डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, औषधं घ्या, शेक द्या, चेहऱ्याचे व्यायाम करा. बहुतेकांचं काही महिन्यांत भरून येतं, कोणाचं थोडं राहतं. हे त्यांनी नीट, शांतपणे सांगितलं. पण आमच्या बोळात डॉक्टरांचं कोण ऐकतो. कोणी म्हणालं, गार वारं लागलं. कोणी म्हणालं, दृष्ट लागली, फार हसायची ना. एका बाईने तर आईला मोठ्या शहाणपणाने विचारलं, "तुमच्या घराण्यात कुणाला होतं का असं?" आईने लसूण घालून तेल कढवलं, जायफळ उगाळलं, मिठाच्या पुरचुंडीने शेक दिला. जेवताना घास डाव्या गालात अडकून बसायचा आणि मला बोटाने काढावा लागायचा. चहा ओघळायचा. चव गेली होती. आणि एक विचित्र गोष्ट म्हणजे डाव्या कानाला सगळं फार मोठ्याने ऐकू यायला लागलं. अण्णांचा तो झारा कढईवर आपटला की माझ्या कानात कोणी घण घातल्यासारखं व्हायचं. मी कानावर उशी दाबून पडून राहायचे.

शाळेत गेले त्या पहिल्याच आठवड्यात गणिताच्या बाई फळ्याकडून वळल्या आणि माझ्यावर नजर खिळवून म्हणाल्या, "तिरकं हसतेस कोणाला?"

मी उठून म्हणाले, "बाई, मी हसत नाहीये. माझं तोंडच असं झालंय."

"वर उलट बोलतेस? बाहेर उभी राहा."

तास संपेपर्यंत मी वऱ्हांड्यात उभी होते. दुसऱ्या दिवशी आई शाळेत जाऊन सगळं सांगून आली. बाईंनी मला मागच्या बाकावर बसवलं, मुलींचं लक्ष जातं म्हणून. राधाबाईंची कोथिंबीर बंद झाली. त्या वाईट नव्हत्या. मी समोर गेले की त्यांचे हात वांग्यांची रास नीट करण्यात गुंतायचे, इतकंच. मी तीच होते. तितकीच शहाणी, तितकीच मूर्ख, चिवड्याचा तोच वास येणारी. पण आता माझं चुकलेलं गणित चुकलेलंच होतं आणि मला भाजी मोजून मिळत होती. आज इतक्या वर्षांनीही मी कोणा गोड हसणाऱ्या मुलीवर सगळे लट्टू झालेले पाहते, तेव्हा तिच्या शेजारी गप्प बसलेल्या मुलीकडे माझं लक्ष आधी जातं.

हे परक्यांचं झालं. घरातलं लिहायला हात जड होतो, पण लिहिते. एका संध्याकाळी मी नेहमीसारखी गल्ल्यावर जाऊन बसले. अण्णा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नलू, थोडे दिवस आत बस. कांदा चिरायचा पडलाय."

"चिरायला बाई येते ना, अण्णा."

"ती एकटी पडते." मग थोडं थांबून, अजून माझ्याकडे न पाहताच, "गिऱ्हाईक बिचकतं गं. कालपासून दोघं-तिघं परत गेली."

मी आत गेले. भट्टीच्या खोलीत कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं तर कोणी विचारत नाही, तेवढी एक सोय होती. आई मायेची, पण तिनेही मला एक ओढणी आणून दिली आणि सांगितलं, "बाहेर जाताना तोंडावरून घेत जा. वारं नको लागायला." वारं कशाला, लोकांची नजर नको लागायला, आणि तीही मला नव्हे, घराला. फक्त शैलाताई रोज दुपारी आरसा घेऊन माझ्यासमोर बसायची. "म्हण, ई. आता ऊ. गाल फुगव. डोळे मीट." ती तोंडाने बोलायची कमी, पण माझ्याबरोबर स्वतःही ई आणि ऊ करायची, आणि तिच्या त्या गंभीर चेहऱ्यावर ते इतकं विचित्र दिसायचं की मला हसू यायचं. उजवीकडे यायचं. डावीकडे नाही.

अशात ताईला स्थळ आलं. मुलगा ओझरला कारखान्यात नोकरीला, घरचे चांगले. काशिनाथभाऊ नावाचे अण्णांचे स्नेही होते, ते दुकानाला पोहे पुरवायचे. त्यांनीच हे स्थळ आणलं. बघायला येण्याचा रविवार ठरला. घराला रंग दिला, खुर्च्या आणल्या. आई ताईला दिवसातून चार वेळा सांगायची, "पाहुण्यांसमोर जरा हसरं तोंड ठेव. नुसती मान खाली घालून बसू नको." आणि मी भट्टीमागे कांदा चिरत असताना अण्णांचं बोलणं कानावर आलं. डावा कान तिखट झालेला, त्यांची कुजबुजही मला नीट ऐकू आली. "नलूला आठवडाभर लासलगावला पाठव, तुझ्या भावाकडे. ती लोकं नको ते विचारतील. घराण्यात काही आहे का म्हणतील. थोरलीचं नुकसान व्हायला नको."

आई म्हणाली, "ती काय म्हणेल?"

"तिला सांग, हवापालट."

एका मुलीने हसलंच पाहिजे, आणि जिला हसता येत नाही ती दुसरी मुलगी घरात दिसताच कामा नये. मी तेव्हा हे असं शब्दांत मांडू शकले नसते. पण मला आठवतंय, माझ्या पायाखालची विळी मी इतक्या जोरात आडवी पाडली की कांदा चिरणाऱ्या बाई दचकल्या. आई मला हवापालट सांगायला आली तेव्हा मी विचारलं, "ताई बोलली का, मला पाठवा म्हणून?" आई म्हणाली, "तिला कशाला विचारायचं. तिच्या भल्याचंच आहे." शुक्रवारी अण्णांनी मला एसटीत बसवलं. खिडकीतून माझ्या हातात चिवड्याचा पुडा दिला. बस हलेपर्यंत ते थांबले नाहीत.

लासलगावला मामाचं घर बाजार समितीच्या मागे होतं. मामा लिलावात माप करायचा. सकाळी घरातून बाहेर पाऊल टाकलं की कांदाच कांदा, ट्रॅक्टरांची रांग, ओरडून भाव पुकारणारी माणसं, आणि हवेला कच्च्या कांद्याचा उग्र वास. मी तोंडावर ओढणी घेऊन दारात उभी राहिले. मामी चुलीपाशी भाकरी थापत होती. उंच, दणकट, आवाजाला धार असलेली बाई. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ती ओढणी काढ आधी. घरात काय तोंड झाकायचं." मी काढली. तिने माझा चेहरा नीट, पूर्ण पाहिला. इतक्या दिवसांत कोणी असा पाहिला नव्हता. सगळे एक तर टक लावायचे नाहीतर नजर चुकवायचे. मामीने पाहिला, एखाद्याचं खरचटलेलं ढोपर बघावं तसा.

"दुखतं का?"

"नाही."

"खायला येतं?"

"एका बाजूने."

"मंग बस. त्या बाजूनं खा."

बाजरीची भाकरी, कांद्याच्या पातीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर तेल. घास ओघळला तर मामीने नुसता पदर पुढे केला, बोलणं न थांबवता. ती मला शेजारणीच्या म्हशीची गोष्ट सांगत होती. ती सांगत राहिली आणि मी जेवत राहिले, आणि जेवताजेवता मला एकदम हुंदका आला. मग मी सगळं सांगितलं. दुकान, गल्ला, गणिताच्या बाई, कांदा, रविवार.

मामी परातीत हात तसेच ठेवून ऐकत होती. "मला तुझ्या मामानं सांगितलं, पोरीला हवापालट पायजे," ती म्हणाली. "म्हंजे माझं घर अडगळीची खोली हाय व्हय? जे लोकाला दाखवायचं नाय ते हितं आणून टाकायचं?" मग तिने हात धुतले. "तुला काय पायजे, ते सांग. हितं राहायचं तर वर्षभर राहा, मला तू जड नाय."

मी म्हणाले, "मला घरी जायचंय. रविवारी."

मामा संध्याकाळी आला तेव्हा मामीने त्याला सांगितलं. तो म्हणाला, दाजींना राग येईल, पोरीचं लग्न मोडेल, आपण मध्ये पडू नये. मामीने एवढंच म्हटलं, "मी पडणार हाय." रविवारी सकाळच्या गाडीने मी आणि मामी निघालो. माझी ओढणी मामीने तिच्या पिशवीत कोंबली होती आणि ती देईना.

आम्ही जिना चढलो तेव्हा पाहुणे बसलेले होते. दारात चपला होत्या, आत बशांचा आवाज. नवऱ्या मुलाची आई भिंतीशी खुर्चीवर, शेजारी मुलगा, पलीकडे त्याचे मामा बशीतून चहा ओढत होते. ताई समोर सतरंजीवर बसलेली, मान खाली. काशिनाथभाऊ काहीतरी सांगत होते ते मध्येच थांबले. आईने आतल्या दारातून मला पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

मामीने दारातूनच रामराम केला. "मी मुलीची मामी. लासलगावची."

"या, या," मुलाच्या आई म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "आणि ही कोण?"

कोणी काही बोलायच्या आत अण्णांनी उत्तर दिलं. त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, गिऱ्हाइकाला भाव सांगतात तसा. "ही आमच्या मेहुण्यांची मुलगी. मामीबरोबर आलीय."

मी त्यांच्यासमोर उभी होते, त्यांनीच दिवाळीला घेतलेल्या फ्रॉकमध्ये. त्यांचंच नाक माझ्या तोंडावर होतं. मामीने माझा दंड घट्ट धरला होता, आणि मला कळत होतं की ती आता बोलणार. पण ती बोलायच्या आधी ताईने मान वर केली.

"ती माझी सख्खी बहीण आहे," ताई म्हणाली. "नलिनी. ये नलू, इथे बस."

मी जाऊन तिच्या शेजारी बसले. ताईने माझा हात तिच्या मांडीवर ओढून घेतला. अण्णा म्हणाले, "म्हणजे, सध्या ती तिकडे असते ना, म्हणून मी..." आणि वाक्य तिथेच राहिलं. मुलाच्या आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे, मग परत माझ्याकडे. "काय झालं बाळ तोंडाला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, डॉक्टरांनी जसं सांगितलं होतं तसं, नस सुजली म्हणून. त्या म्हणाल्या, "होईल बरं," आणि बशी खाली ठेवली. पोहे तसेच राहिले. थोड्या वेळाने ते लोक निरोप घेऊन गेले.

ते गेल्यावर जे झालं ते फार मोठ्याने झालं. अण्णा मामीला म्हणाले, "वहिनी, तुम्ही माझ्या पोरीचा संसार मोडलात." मामी म्हणाली, "दाजी, मोडायचं ते तुम्ही तुमच्या तोंडानं मोडलं. मी तुमची पोर तुमच्या घरी आणून सोडली फक्त." आणि पाणीही न पिता ती परतीच्या गाडीला गेली. आई रडत होती. अण्णा मला म्हणाले, "झालं समाधान?" उत्तर दिलं ते ताईने. ती म्हणाली, "अण्णा, मला विचारलं असतंत तर मीच म्हणाले असते, नलूला बाजूला ठेवून मला बघायला कोणी येऊ नये." इतकं लांब वाक्य तिने अण्णांसमोर त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं.

नकार आला. अण्णांनी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, धाकटीचं तोंड पाहून माणसं बिचकली. काकांना, आत्यांना, बोळातल्या शेजाऱ्यांना, सगळ्यांना तेच. लोक मला पाहून चुकचुकायचे, बिचारीमुळे थोरलीचं राहिलं. मीही ते खरं मानून चालले होते. रोज भट्टीमागे कांदा चिरत मी तेच घोळवायचे. मग एका सकाळी काशिनाथभाऊ पोह्यांची पोती घेऊन आले. मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी अण्णांना विचारलं, "तुम्ही हे काय सांगत सुटलात? मुलाच्या आईंनी तुम्हाला काय निरोप दिला होता? मीच तर आणला होता."

अण्णा म्हणाले, "जाऊ द्या हो आता."

"जाऊ द्या कसं? त्या म्हणाल्या, मुलीचं काही नाही, तिच्या बहिणीचं काही नाही. जो बाप पोटच्या पोरीला ओळख देत नाही त्याच्याशी आम्हाला सोयरीक नको. हे सोडून तुम्ही त्या लेकराच्या तोंडावर खापर फोडताय?"

अण्णांचा झारा वाजायचा थांबला होता. मी विळी आडवी केली, हात धुतले, तोंड धुतलं, आणि भट्टीच्या खोलीतून सरळ दुकानात आले. काशिनाथभाऊंनी मला पाहिलं आणि त्यांना कळलं. मी गल्ल्यावर जाऊन बसले. अण्णा म्हणाले, "आत जा." मी म्हणाले, "नाही जाणार."

"नलू, गिऱ्हाइकं येतील."

"येऊ देत. कोणी विचारलं तर मी सांगेन मी कोण आहे."

आणि मी सांगितलं. पहिलं गिऱ्हाईक आलं ते बाजारात हमाली करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडे थबकले. मी म्हणाले, "मी यांची धाकटी मुलगी. तोंडाची नस सुजलीय, म्हणून असं आहे. किती देऊ?" ते म्हणाले, "पावशेर." मी पुडा बांधून दिला. त्यानंतरच्या बाईंना सांगितलं, त्यानंतरच्या मुलांना सांगितलं. न हसता. अण्णा मागे उभे होते आणि प्रत्येक वेळी त्यांना ऐकावं लागत होतं. काही लोक परत गेले असतील, मी लक्ष दिलं नाही. बरेचसे चिवडा घेऊन गेले, कारण चिवडा चांगला होता. त्या दिवसापासून मी रोज शाळा सुटली की गल्ल्यावर बसले. अण्णांनी पुन्हा मला आत जा म्हटलं नाही. नातेवाइकांना सांगितलेलं मात्र त्यांनी कधीच मागे घेतलं नाही. माफी हा शब्द आमच्या घरात बापांच्या तोंडात नव्हता. तोंड वाकडं माझं होतं, पण सरळ बोलता येत नव्हतं ते त्यांना.

ताईचं लग्न पुढे दोन वर्षांनी तिच्याच कॉलेजातल्या एका शिक्षकाशी झालं. तिने माझा हात धरून त्यांना सांगितलं होतं, ही नलू, हिच्याशी आधी ओळख करून घ्या. आता ताई आणि ते, दोघंही हयात नाहीत. मामीही नाही.

हसू परत आलं ते त्याच वर्षीच्या रंगपंचमीच्या सुमारास. बोळाच्या खालच्या अंगाला रंगाची रहाड उघडायची तयारी चालली होती, म्हणजे जमिनीत बांधलेला तो जुना हौद साफ करणं चाललं होतं, आणि मुलांचा गलका दुकानापर्यंत येत होता. गिऱ्हाईक नव्हतं. ताई माझ्याशेजारी पाटावर आरसा घेऊन बसली होती. ई, ऊ करून आम्ही दोघी कंटाळलो होतो. मग ताईने अचानक त्या नवऱ्या मुलाच्या मामांची नक्कल केली. बशी तोंडाशी नेऊन, डोळे मिटून, लांबच लांब फुर्र. ताईने. जिला सगळे सुतकातली म्हणायचे तिने. मला हसू फुटलं.

ताई एकदम थांबली. "परत हस."

"का?"

"हस गं, परत."

मी हसले. तिने आरसा माझ्यासमोर धरला. डाव्या ओठाचा कोपरा हलत होता. थोडासाच, आणि त्याबरोबर डावा डोळा किंचित मिटत होता, जो आजही मिटतो आणि अनोळखी पुरुषांचा त्यावरून भलताच गैरसमज होतो. पण हलत होता. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आत हाक मारली, "आई, अण्णा, नलूचं हसू आलं."

आई जिन्यावरून धावत आली, माझी हनुवटी धरून तिने मला परत परत हसायला लावलं आणि मी हसले. मग भट्टीच्या खोलीतून अण्णा आले. हात कोपरापर्यंत मसाल्याने माखलेले, घाईत गंजीफ्रॉकवरही डाग पडलेला. ते माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा पाहिला नाही.

"बघू," ते म्हणाले.

मी तोंड मिटून घेतलं. ते वाट बघत उभे राहिले. आई म्हणाली, "नलू, हस ना, अण्णांना दाखव." मी त्यांच्याकडे सरळ पाहत राहिले आणि हसले नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी त्याच्याकडे वळले आणि विचारलं, किती देऊ.